लेप वाळेपर्यंत

सूर्याने माणसाच्या कातडीवर जे लिहून ठेवले आहे, ते पुसण्याचे सामर्थ्य सृष्टीने केवळ वनस्पतींच्या ठायी ठेवले आहे.

हे वाक्य माझं आहे. कमलनगरला मी ज्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, तिथल्या एका राष्ट्रीय चर्चासत्रात मी ते उच्चारलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. नेमक्या त्याच वेळी मागच्या दारातून शिपायाने जेवण तयार असल्याची खूण केली होती, हे मला नंतर कळलं. चर्चासत्र राष्ट्रीय होतं, कारण प्रमुख पाहुणे उदगीरहून आले होते. उदगीर आमच्यापासून जीपने पाऊण तासावर. पण मध्ये राज्याची सीमा लागते, आणि दोन राज्यं एकत्र बसली की राष्ट्र होतं, अशी आमच्या प्राचार्यांची समजूत होती. पाहुण्यांची मामेबहीण आमच्याच गावात दिलेली असल्यामुळे त्यांच्या मुक्कामाचाही प्रश्न आला नाही.

विषय होता, उन्हाने काळवंडलेल्या त्वचेवर वनस्पतिजन्य संयुगांचे उपाय. आमच्या भागाला असा विषय शोभतो. इथे सकाळी साताला सावली शोधणारा माणूस आळशी समजला जातो आणि लग्न ठरवताना मात्र तीच सावली मुलीच्या तोंडावर शोधतात.

या वर्षीही करडई वाळून उभी आहे. परवा पहाटे फिरायला निघालो तर ठाणाकुशनूरच्या रस्त्याला बायका काढणीला चाललेल्या दिसल्या. करडई भर उन्हात काढता येत नाही. वाळलेला काटा सुईसारखा शिरतो. पहाटे दहिवर पडलेलं असतं, काटे जरा नरमलेले असतात, तेवढ्यात काम उरकायचं. बायका हातांना जुन्या साडीच्या पट्ट्या गुंडाळतात, पायांना गोणपाट बांधतात. तोंड मात्र उघडं असतं, कारण काटा कुठून येतोय ते दिसावं लागतं. मग ऊन चढतं, करडई थांबते, बायका शेजारच्या हरभऱ्यात शिरतात आणि उघडं तोंड तसंच राहतं.

वाळलेल्या करडईला कोरडा, तेलकट, थोडासा जुन्या पुस्तकासारखा वास असतो. मला त्यात हल्ली लिंबाच्या सालीचा वास येतो. हा दोष करडईचा नाही. तीन वर्षांपूर्वीच्या एका काढणीचा आहे, आणि माझा आहे.

शिवलीला ही माझे शेजारी मल्लप्पा यांची मुलगी आणि माझी विद्यार्थिनी. ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ या दोन रकान्यांत गल्लत न करणारी अशी एखादीच वही मला दर वर्षी मिळायची. एका वर्षी ती तिची होती. बी.एस्सी. झाल्यावर मल्लप्पांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि शेत तिच्याकडे आलं. तिने ते चांगलं सांभाळलं. मल्लप्पा म्हणजे वचनं वाचणारा, मुंगी ओलांडून जाणारा लिंगायत माणूस. दर सोमवारी गावातल्या शरणांच्या बैठकीत वचनं वाचायचा मान त्यांचा. आवाज असा की डुलक्या घेणारेसुद्धा तालात डुलायचे.

तीन वर्षांपूर्वी ऐन काढणीत ते चर्चासत्र झालं आणि त्याच महिन्यात कलबुर्गीचे पाहुणे शिवलीलाला बघून गेले. मुलगा तिथे एका कार्यालयात नोकरीला. त्याने तिला स्वयंपाकाचं विचारलं नाही. ‘औंदा तूर कशी झाली?’ असं विचारलं. शिवलीला नंतर आमच्या घरी येऊन म्हणाली, “सर, बघाया आलेल्या मानसानं पयल्यांदाच कामाचं इचारलं बगा.” एवढं बोलून ती हसली. तिला तो आवडला होता, हे माझ्यासारख्या कोरड्या माणसालाही कळलं.

निरोप आणला विरूपाक्षअप्पाने. हा आमच्याकडचा भुसार दुकानदार. धान्याच्या जोडीने सोयरिकीही जुळवतो. मल्लप्पांच्या ओसरीवर बसून तो म्हणाला, “पोरगी पसंत हाय मल्लप्पा, काय शंका न्हाई. फकस्त रंग जरा रानातला वाटायलाय मनालेत. पंधरा दिसानं मुलाची आत्या येनार हाय बघाया. तिचं पटलं की झालं. तवर काय तर करा.”

“काय करू?” मल्लप्पा म्हणाले. “उनाला सांगू का, माजी पोरगी सोडून पड मनून?”

चर्चासत्रात आम्ही एक पत्रक वाटलं होतं. एका बाजूने छापलेलं, गुळगुळीत, हिरव्या शाईत. त्यात ज्येष्ठमध, मंजिष्ठा, कोरफड, आंबेहळद यांच्यातल्या संयुगांची माहिती होती आणि शेवटी घरी करायचा एक लेप. माहिती खोटी नव्हती. कातडीत रंग तयार करणारं जे विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, त्याला यातली काही संयुगं खरोखरच आवर घालतात. मात्र या चाचण्या बहुतेक करून अळंबीतून काढलेल्या विकरावर, काचेच्या नळीत होतात. अळंबी हरभरा उपटायला जात नाही. हे मी भाषणात सांगितलं नाही, कारण मग टाळ्यांची जागा चुकली असती.

शिवलीला ते पत्रक घेऊन आली. “सर, ह्यातलं किती खरं हाय?”

“सगळंच.”

“सगळंच खरं असलं की मला भ्या वाटतंय सर. तुमीच सांगायलाव की, सगळं बराबर आलं तर पुन्ना तपासा मनून.”

मी हसलो. शिष्येने गुरूचं वाक्य गुरूलाच ऐकवलं की गुरू सुखावतो आणि त्या वाक्याचा अर्थ ऐकायचं विसरतो.

लेप साधा होता. बेसन, ज्येष्ठमधाची पूड, आंबेहळद, आणि त्यात लिंबाचा रस व किसलेली साल. खाली लिहिलं होतं, लेप लावावा व पूर्ण वाळल्यावर धुवावा.

शिवलीलाने सगळ्या तोंडाला लेप फासला नाही. प्रयोगशाळेत आम्ही शिकवलं होतं की आधी थोड्या भागावर बघावं. तिने डाव्या गालावर चार बोटांनी चार पट्टे ओढले, नाकापासून कानापर्यंत. आणि वाळवायला ती घराच्या स्लॅबवर जाऊन बसली. दुपारी बाराला.

यात हसण्यासारखं काही नाही. आमच्या जिल्ह्यात ‘वाळणे’ या क्रियेला एकच जागा आहे. पापड, कुरडया, सांडगे, मिरच्या, चिंच, शेवया, डाळ करायची भिजवलेली तूर, धुतलेली गोधडी, पोरांची ओली पुस्तकं, आम्ही सगळं उन्हात टाकतो. ज्याला ऊन लागलं नाही त्याला इथे वाळलेलं म्हणत नाहीत, दमट म्हणतात आणि परत टाकतात. शिवलीलाच्या अव्वाने त्या दिवशी पापड घातले होते. लेक पापडांच्या मधोमध बसली, कावळे हाकलत. दुसऱ्या दिवशीही बसली. तिसऱ्या दिवशी गाल पेटल्यासारखा लाल झाला, बारीक फोड आले. ते फुटून बसल्यावर मागे चार तपकिरी पट्टे राहिले. गर्द, सरळ, एकाशेजारी एक.

लिंबाच्या सालीत काही संयुगं अशी असतात, जी कातडीवर असताना ऊन लागलं की भाजतात आणि नंतर काळा डाग ठेवतात. तीही वनस्पतिजन्यच. मला हे माहीत नव्हतं असं नाही. मी ते वर्गात शिकवलं होतं. पत्रकाच्या पहिल्या मसुद्यात ‘घ्यावयाची काळजी’ असा परिच्छेदही होता: साल वापरू नये, लेप सावलीत वाळवावा, धुतल्यावर उन्हात जाऊ नये. छपाईच्या वेळी मंचावरच्या मान्यवरांची नावं बसेनात. माझ्या एकट्याच्या पदव्यांना दोन ओळी लागत होत्या. काहीतरी काढणं भाग होतं. काळजी काढली.

आत्याबाई ठरल्या दिवशी आल्या. मुलगा आला नव्हता. वजन वाढावं म्हणून मल्लप्पांनी मलाही ओसरीवर बसवलं होतं. शिवलीला चहा घेऊन आली तेव्हा तो गाल मी प्रथम पाहिला आणि त्याच क्षणी मला कळलं. असं चित्र माझ्या पुस्तकात होतं.

आत्याबाईंनी कप घेतला नाही. “कुनी मारलं गं तुला?”

“कुनी न्हाई. लेप लावला हुता. एका कागदात वाचून.”

“लेपाला बोटं आसतात व्हय?”

त्यांनी स्वतःचा हात उचलला, तिच्या गालासमोर हवेत धरला आणि चार बोटं चार पट्ट्यांवर जुळवून बघितली. जुळली. डाव्या गालावर चार बोटं म्हणजे समोरून उजव्या हाताने. मग त्यांनी मल्लप्पांच्या उजव्या हाताकडे बघितलं. त्या हातात बिस्किटांची बशी होती. मल्लप्पांनी ती खाली ठेवली आणि हात मागे घेतला. निर्दोष माणूस घाबरला की अगदी गुन्हेगारासारखा वागतो.

शिवलीलाने माझ्याकडे बघितलं नाही. कागद कुणाचा, हेही सांगितलं नाही. माझ्या हातात कप होता. तो खाली ठेवून बोलता आलं असतं. मी घोट घेतला. पुढच्या महिन्यात माझा निवृत्तीचा सत्कार होता, हे त्या घोटाबरोबर माझ्या मनात आलं. हे इथे लिहितानाही ते वाक्य गाळावं असं दोनदा वाटलं.

पाहुण्यांचा निरोप दोन दिवसांत आला: बाप मारका हाय, तिथं सोयरीक नगं. मारलं कामून, याचंही उत्तर गावाने तयार केलं. पोरगी नाही म्हणत होती, म्हणून. पुढच्या सोमवारी बैठकीत विरूपाक्षअप्पा मल्लप्पांना म्हणाला, “अण्णा, आवाज बसलाय तुमचा. चार आटवडे इसावा घ्या.” आवाज बसला नव्हता. मल्लप्पांनी पोथी पुढे सरकवली, दाराजवळ चपलांच्या शेजारी जाऊन बसले आणि उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला.

ते तसेच बसू लागले. बैठकीत, दुकानाच्या कट्ट्यावर, जीपमध्ये. कुणाचं मूल जवळ आलं तर डावा हात पुढे करायचे. मी हे रोज बघत होतो. मी वाचलेली माणसं बरीच. त्यातला एकही जण मला तेव्हा उपयोगी पडला नाही. वाचनाचा असा अनुभव अनेकांना असेल, पण त्यावर चर्चासत्र होत नाही.

शेवटी शिवलीलाच आली. पत्रक टेबलावर ठेवून तिने विचारलं, “सर, ‘पूर्ण वाळल्यावर’ लिवलंय. कुटं वाळल्यावर?”

मी सगळं सांगितलं. काढलेल्या परिच्छेदासकट.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बराच वेळ पत्रकाच्या तळाची नावं वाचत राहिली. मग म्हणाली, “माजं सोडा सर. डाग जाईल. सोयरीक गेली तर गेली. पन माजे अप्पा हात लपवून जेवायलेत घरात. तेवढं तुमी सांगा लोकास्नी.”

पुढच्या सोमवारी मी बैठकीत उभा राहिलो. पण तीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या माणसाला साधं बोलता येत नाही. प्रकाशसंवेदी संयुगं, अतिनील किरणं, दाह आणि रंगद्रव्य असं सगळं मी सांगितलं. सदर अनर्थास सर्वस्वी मी जबाबदार आहे, असा शेवट केला. सभा गहिवरली. विरूपाक्षअप्पाने डोळे पुसले.

“सर,” तो म्हणाला, “मैतराचं पाप सोताच्या अंगावर घेनारा मानूस मी आज बघितलो. आमाला कळत न्हाई का? तुमच्यावानी इद्वान मानूस चूक लिवंल का कवा?”

आणि त्याने बैठकीतली शाल माझ्या खांद्यावर घातली. मी नाही नाही म्हणत होतो. तो नकारही विनयात मोजला गेला. दाराजवळ मल्लप्पा मान खाली घालून बसले होते. माझ्या कबुलीजबाबाने त्यांचा गुन्हा पक्का झाला होता आणि माझा सत्कार महिनाभर आधीच पार पडला होता.

शिवलीलाला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, “तुमी लई बोललाव सर. बोलायचं न्हाई. दावायचं. बाजारच्या दिशी दुकानावर या. अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून या.”

बाजाराच्या दिवशी दुपारी बाराला विरूपाक्षअप्पाच्या दुकानासमोरच्या कट्ट्यावर मी बसलो. शिवलीलाने वाटीत लेप कालवून आणला होता, पत्रकात लिहिल्याप्रमाणे, सालीसकट. तिने माझा डावा हात पालथा करून चार बोटांनी चार पट्टे ओढले. वाटी विरूपाक्षअप्पाच्या हातात दिली. “अप्पा, वास घ्या. बगा, लिंबूच हाय न्हवं? आनि सरास्नी मी मारले न्हाई, हे पन ध्यानात ठिवा.”

गर्दी जमली. आमच्या बाजारात बैल दात दाखवतो तेव्हा जमते त्यापेक्षा जरा जास्त. कुणी विचारलं, सर गोरे व्हायलेत का? कुणी म्हणालं, एका हातानं काय होतंय, सगळंच बुडवा. एका म्हातारीने, “या वयात कुनाला दावायचंय बाबा?” असं अगदी कळवळून विचारलं. अर्ध्या तासाने विरूपाक्षअप्पाला राहवलं नाही. तो आतून छत्री घेऊन आला. “चक्कर यील सरास्नी. सावली करू द्या.”

“छत्री नगं अप्पा,” शिवलीला म्हणाली. “सावलीचंच तर लिवायचं ऱ्हायलं हुतं.”

ती तासभर माझ्यासमोर उभी होती. तोंडाला तिने सुती दस्ती बांधली होती, डोळे तेवढे उघडे. मी विचारलं, दस्ती कधीपासून बांधतेस? तर म्हणाली, “कापूस पन वनस्पतीच की सर.” माझ्या एकूण व्याख्यानांत या तोडीचं वाक्य नाही.

तिसऱ्या दिवशी हात लाल झाला आणि आठवड्याने त्यावर चार तपकिरी बोटं उठली. ती घेऊन मी दुकानात गेलो. विरूपाक्षअप्पाने चष्मा लावून हात उलटसुलट बघितला, स्वतःची चार बोटं त्यावर ठेवून बघितली. बराच वेळ तराजूचा काटा उगाच हलवत राहिला. मग म्हणाला, “मंजी लेकरू खरं बोलत हुतं,” आणि थोड्या वेळाने, “मी तेच्या बापाला चपलापाशी बसवलो.”

त्या सोमवारी पोथी पुन्हा मल्लप्पांच्या हातात आली. विरूपाक्षअप्पाने ती स्वतः उठून नेऊन दिली. मल्लप्पांनी वाचलं. आवाज तोच होता. पानं मात्र ते डाव्या हाताने उलटत होते.

माझे डाग दिवाळीपर्यंत गेले. शिवलीलाचे संक्रांतीपर्यंत राहिले. कातडी ज्याची तरुण, त्याची आठवण लांब, असं काहीतरी सुंदर लिहायचा मोह झाला होता, पण कारण एवढंच की ती रानात जात होती आणि मी घरात बसून होतो. कलबुर्गीकडे विरूपाक्षअप्पाने खरी हकीकत कळवली. तिकडून पुष्कळ दिवस काही आलं नाही. शिवलीलाने वाट बघितली का, हे मी विचारलं नाही. त्या हंगामात तुरीचा विषय निघाला की ती उठून जायची, एवढं निरीक्षण आहे. अनुमानाचा रकाना मी कोरा ठेवतो.

परवा पहाटे त्याच रस्त्याला ती भेटली. दस्ती बांधलेली, हाताला पट्ट्या. मागे बैलगाडीत मल्लप्पा बसले होते, गुडघे आखडून. मी हाक मारली तर त्यांनी हसून डावा हात वर केला. उजवा मांडीखाली होता. आता कुणी त्यांच्याकडे संशयाने बघत नाही. गावाने तो प्रकार विसरूनही टाकला आहे. हाताला ते अजून कुणी कळवलेलं नाही. ज्येष्ठमधात, मंजिष्ठेत, कोरफडीत याच्यासाठी काही सापडतं का, हे मी अधूनमधून शोधतो. अळंबीवर याची चाचणी होत नाही.

घरी आलो तर विरूपाक्षअप्पा दारात उभा. कलबुर्गीहून निरोप आला होता, तीन वर्षांनी. मला आधी भीती वाटली आणि लगेच आशाही. मी त्याला आत बोलावून चहा टाकला.

“मुलाचं लगीन झालं की मागंच,” तो म्हणाला. “आता तेच्या भनीला बघाया यायलेत. पोरगी उनानं काळवंडलीय मनं. इचारायलेत, सावलीत वाळवूत, पन तुमच्या सरांचा तो हिरवा कागद एक मिळंल का?”

कागद मिळण्यासारखा नव्हता. उरलेला गठ्ठा शिवलीलाच्या अव्वाने केव्हाच नेला होता. एका बाजूने कोरा असल्यामुळे स्लॅबवर पापड वाळत घालायला तो बरा पडतो.